शहाळेवालीचा कॅन

मंगळवार, संध्याकाळ. अंबत्तूर.

आज माझ्यावर घोर अन्याय झाला: एसीने गरम हवा सोडली. मी त्यालाच शिव्या देत राहिलो. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा कळलं, माझ्या म्हाताऱ्या गाडीचं इंजिन तापलंय. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वाकून रेडिएटरचं झाकण फिरवणार, तोच तिथल्या शहाळेवालीने मनगट धरलं. "वेंडाम, सार." नको, एवढं तमिळ मला कळतं.

अर्ध्या तासाने तिनेच ओल्या गोणपाटाने झाकण उघडलं. आत पाणी जवळजवळ नव्हतंच, पाइप चिरलेला. तिच्या कॅनमधलं पाणी ओतत गॅरेज गाठलं. मेकॅनिक पाइप बदलताना सहज म्हणाला, "झाकण तापलेलं असतानाच उघडलं असतं, तर डोळे गेले असते."

झाकणापासून डोळे वीतभरच होते ना? वीतभरच.

येताना कॅन काठोकाठ भरून तिच्या हातगाडीखाली ठेवला.