केल्सीसाठी राखलेली जागा

बुधवार, ९ एप्रिल

मार्लिस,

मी बरी आहे. गुडघा दुखतो, अंगणातला बर्फ एकदाचा वितळला, डेलनं होडी गॅरेजमधून बाहेर काढलीये. पुस्तक खपतंय म्हणजे तूही बरीच असशील. झालं, बहिणीनं बहिणीला विचारायचं ते विचारून झालं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर मी तापले की तू आवाज मऊ करून म्हणतेस, "तुला राग आलाय हे मला ऐकू येतंय, डार्लीन." तुझ्या पहिल्या पुस्तकातलं पान बत्तीस. मी एकोणसाठ वर्षांची बाई आहे, तेवीस वर्षं शाळेची बस चालवतेय. मला असं गोंजारून घ्यायची हौस नाही. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुझं नवं पुस्तक वाचलं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला बसलो तर तिघींनी ते माझ्यापुढे नाचवलं. "तुमच्या मार्लिसनं काय सुंदर लिहिलंय हो! आमचं पोरगं तर 'हं'च्या पुढे बोलत नाही." मी म्हटलं, हो, हुशारच आहे ती पहिल्यापासून, आठवीच्या पोरांना शिकवता शिकवता त्यांच्या आईबापांनाही शिकवायला लागली. मग घरी येऊन सहावं प्रकरण वाचलं आणि हातातला कप आदळला. कपाचा कान तुटला.

तू लिहितेस, लायसन्स काढण्याआधी मुलांना मोठ्या माणसाला शेजारी बसवून पन्नास तास गाडी चालवावी लागते आणि हे पन्नास तास म्हणजे आईला मिळालेलं वरदान. दोघांचीही नजर रस्त्यावर असते, म्हणून मूल मोकळं होतं. 'माझी मुलगी मोकळी झाली,' असं लिहितेस.

शेजारी कोण बसलं होतं गं? गाडी माझी. नसलेला ब्रेक दाबून दाबून दुखावलेला गुडघा माझा. चर्चमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, निसरड्या बर्फावर गाडी घसरली की चाक कुठं वळवायचं ते मी शिकवलं. फ्रिजवर लावलेल्या तक्त्यावर तारीख, रस्ता, हवा, सगळं माझ्या अक्षरात आहे. सत्तेचाळीस तास. त्यातला एक तरी तुझा आहे का?

ऑगस्टपासून तुझी ब्रिटा माझ्याकडे आहे. बॅग घेऊन आली तेव्हा रडतसुद्धा नव्हती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मावशी, आम्ही भांडत होतो आणि आईनं मधेच पेन उचललं." मग तिनं तुझ्या खणातल्या पिवळ्या चिठ्ठ्या दाखवल्या. प्रत्येकीवर तिचं एकेक वाक्य, खाली तारीख. बाथरूमच्या दाराआडून ओरडलेलं वाक्यसुद्धा सोडलं नव्हतंस. तू गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतेस, दहा मिनिटांवर. एकदा तरी दार वाजवायला आलीस? नाही. कारण पान अठ्ठ्याऐंशी: 'मुलांना अंतर द्या.' घेतलं तिनं, भरपूर घेतलं.

आता केल्सीबद्दल.

पहिल्या पुस्तकात तू लेकीच्या मैत्रिणीवर दोन पानं लिहिलीस. केल्सी आल्यावर ब्रिटा कशी खुलली, घरात कशी बोलायला लागली. आणि अशी केल्सी नव्हतीच. तू रोज टेबलावर बसून विचारायचीस, "आज कुणाबरोबर जेवलीस?" आणि पोरगी वर्षभर शाळेच्या बँडच्या खोलीत, वाद्यांच्या पेट्यांमध्ये बसून एकटी सँडविच खायची. तुला वाईट वाटू नये म्हणून तिनं केल्सी काढली. बिचारीला काय ठाऊक, आई ती छापून आणेल.

हे तिनं मला सांगितलं, ऑक्टोबरात, कालव्याच्या रस्त्यावर. तुझ्या सहाव्या प्रकरणात ते शब्दन् शब्द आहे, फक्त माझ्या जागी तू बसली आहेस.

आपल्या गावात पुस्तक वाचायला किती दिवस लागतात? चार. पाचव्या दिवशी माझ्या बसमध्ये पोरांनी ब्रिटाच्या शेजारची जागा रिकामी सोडली. तिसऱ्या थांब्यावर एकजण तिथं बसायला गेला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "अरे ऊठ, केल्सी बसलीये तिथं!" अख्खी बस हसली. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर जूसचा डबा होता. "केल्सीला तहान लागेल ना!" मी बस थांबवली, दोघांना पुढच्या बाकावर आणून बसवलं, शाळेत तक्रार केली. त्यानं काय होतं? तेवीस वर्षं मी आरशातून पोरांचे चेहरे बघतेय. ब्रिटाचा चेहरा मला दिसलाच नाही, तिनं तो खिडकीला चिकटवून ठेवला होता.

आणि तू मला निरोप पाठवतेस की चोवीस तारखेला वाचनालयात पुस्तकाचा कार्यक्रम आहे, ब्रिटाला निळा ड्रेस घालून आण, एक फोटो हवाय. लाज कशी वाटत नाही?

नऊ दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. तुझ्याशी आधीच बोलत नव्हती. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, एवढा हिशेब सोळा वर्षांच्या पोरीला येतो. मी ओव्हनमध्ये तिच्या आवडीचं बटाट्याचं हॉटडिश केलं. तिनं ताट उचललं, खोलीत नेलं आणि धुऊन परत आणून ठेवलं. मी किल्ली पुढे केली, म्हटलं चल, तीन तास उरलेत, पंचवीसला लायसन्सची परीक्षा आहे. म्हणाली, "नको. बसनं जाईन." जिथं ती जागा आहे त्याच बसनं!

तू म्हणशील, मला सांगितलंस तूच. हो, मीच. तू त्या रविवारी फोनवर विचारलंस, "कशी आहे ती?" मला म्हणता आलं असतं, बरी आहे. पण मला तुला कळायला हवं होतं की पोरीनं मला सांगितलं, तुला नाही. एवढी शिकलेली, दोन पुस्तकं लिहिलेली, आणि बोलते कुणाशी? बस चालवणाऱ्या मावशीशी. चवीचवीनं सांगितलं मी. तू 'हं, हं' करत होतीस. तेव्हा मागे पेन्सिल चालतेय हे मला ओळखायला हवं होतं.

इथपर्यंत लिहून दोनदा कॉफी केली. पुढचं लिहायचं नव्हतं, पण ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येत नाही.

त्या दिवशी केल्सीचं सांगून झाल्यावर तिनं गाडी गावाकडे घेतली. धान्याच्या कोठारापाशी रस्ता फुटतो, सरळ गेलं की माझं घर, डावीकडे तुझं. तिनं डावीकडचा इंडिकेटर लावला. म्हणाली, "मावशी, आत्ता जाऊया? आईला मीच सांगते. आत्ता सांगितलं तर सांगू शकेन."

मी म्हटलं, "आज नको. तिचं पुस्तक चाललंय, तुझं ऐकताना लक्ष नसायचं तिचं." आणि हात पुढे करून मी तो इंडिकेटर बंद केला. ती सरळ गेली. तक्त्यावर मी लिहिलं, 'हवा स्वच्छ, सगळे नियम पाळले.'

मला ती माझ्याकडेच हवी होती, मार्लिस. डेल आणि मी, नवरा-बायको दोघंच असतो या घरात. दुसरं कारण नाही.

तुझं सहावं प्रकरण खोटं आहे. माझा हात मध्ये आला नसता तर ते खरं झालं असतं. तुझ्या खोटेपणाची तुला माफी नाही आणि माझी मी मागत नाही.

शनिवारी सकाळी दहाला ये. पेन आणू नकोस, निळा ड्रेस आणू नकोस, पुस्तकातलं एक वाक्य आणू नकोस. मी आज तिला हे सगळं सांगणार आहे, इंडिकेटरचंसुद्धा. कदाचित ती गाडीत बसणार नाही. तरी तू बाजूच्या सीटवर जाऊन बस आणि थांब. पट्टा अडकतो, जोरात ओढ. ती बसली, तर तीन तास तोंड बंद ठेव. ती जिकडचा इंडिकेटर लावेल तिकडे वळू दे.

तक्त्यावरच्या तीन ओळी रिकाम्या सोडल्यात. त्या तुझ्या अक्षरात भरायच्या आहेत, आणि या वेळी खऱ्या.

तुझी बहीण, याला इलाज नाही,
डार्लीन