शनिवारची यादी

३ नोव्हेंबर, सोमवार

चाललं! एकदाचं चाललं! सहा वेळा लाल अक्षरं आली, सातव्यांदा यादी. बेचाळीस गावांच्या शीट, एक बटण, चार मिनिटं. याच कामाला मी आणि संजीवनी दर शुक्रवार-शनिवार आमच्या आरोग्य ट्रस्टच्या इंदापूरच्या ऑफिसात मान मोडून घ्यायचो — कुठल्या गरोदर बाईचं रक्त कमी आहे, कुणाला ट्रस्टच्या नर्सनं फोन करायचा, ती यादी.

मी लिहिला म्हणायचं, पण प्रोग्राम लिहिला एआयनं. मी फक्त "चालत नाही" एवढंच लिहीत होते. त्यातली एक ओळ कळली असेल तर शपथ! बायकांची नावं मात्र त्याला दिली नाहीत. तो रकाना आधीच काढला. तेवढी अक्कल आहे.

त्याला प्रश्न फार. काहीजणी सासरी नोंदतात, मग पहिलं बाळंतपण म्हणून माहेरीही नोंदतात. एकच बाई दोनदा आली हे ओळखायचं कसं? प्रत्येकीचा मोबाइल नंबर वेगळा असतो का? — जेवायची सुट्टी झाली होती. "हो" लिहून डबा उघडला.

८ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी शकुबाई आली, आमच्या शेळगावची आरोग्यताई. आधी जाऊबाईंचं, म्हणजे अबोलीताईंचं रक्त घेतलं, मग माझं. त्यांना सातवा महिना, मला चौथा. ऑफिसात मी सांगितलेलं नाही. कळलं की मार्चमध्ये करार वाढणार नाही, मग आहेच घर आणि मी! म्हणून शकुबाईला दारापाशी गाठलं. माझं माहेरचं नाव लिहा, नंबरही माझाच लिहा.

"व्हय गं, लिहिते की. येवढं काय त्यात!"

१७ नोव्हेंबर, सोमवार

नर्सचा फोन आला. मामंजींच्या मोबाइलवर, अर्थात. बँक असो, रेशन असो, दवाखाना असो, घरचा नंबर म्हणजे त्यांचा. फोन कुणाचा, काय, काही बघायचं नाही. उचलला की ओसरीवरून हाळी — "हॅलो! कुणाला देऊ?"

अबोलीताईंना होता. रक्त साडेनऊ, गोळ्या वाढवा. माझ्या मोबाइलवर काहीच नाही. म्हणजे मी ठणठणीत! ऑफिसचा जिना चढताना धाप लागते ती खुर्चीत बसून बसून. सासूबाई विचारत होत्या, "डब्यातलं तांदूळ कोन खातंय गं कच्चं?" मूठभर तांदूळ तोंडात टाकल्याशिवाय चैन पडत नाही हल्ली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुशल सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "वैदेहीताईंनी स्वतः प्रोग्राम केलाय! दोन माणसांचं काम चार मिनिटांत!" मी हसले. त्याच दमात — संजीवनीची आता इथं गरज नाही, तिनं मोरगाव भागात घरभेटी करायच्या. रोज दोन एसट्या बदलून.

मला एक्सेल शिकवलं कुणी? संजीवनीनं! तिनं खण आवरला, जाताना एवढंच म्हणाली, "हातानं करायचो तेव्हा नाव न् नाव डोळ्याखालनं जायचं गं. आता बघतंय का कुणी?" मला इतका राग आला! तिचा नाही. माझाच.

आता कबूलही करता येत नाही. मला प्रोग्रामिंग येत नाही म्हटलं तर संजीवनीला उगाच घालवली. येतं म्हटलं तर सर आणखी तीन रिपोर्ट घेऊन उभेच आहेत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काम नाही. दिवसभर उगाच कीबोर्ड वाजवत बसले.

२ डिसेंबर, मंगळवार

संजीवनीचा फोन. मोरगावात एका घरी दोन जावा गरोदर. थोरलीला नर्सचे फोन येतात, धाकटीला महिन्याभरात एकही नाही. पाय सुजलेत, डोळे पांढरे पडलेत. "तुझ्या यादीत ती हायेच न्हाय, वैदेही. दोघींच्या नावापुढं नंबर एकच, सासऱ्याचा."

नंबर एकच म्हणजे बाई एकच, असं धरून प्रोग्रामनं धाकटी गाळली! अख्खं घर एका नंबरवर चालतं हे मला माहीत नाही? मला? ज्या घरात मी राहते तिथं!

एआयला म्हटलं, नंबर एकच पण महिने वेगळे, अशा कुणाकुणाला गाळलंस ते दाखव. चूक आधी मान्य केली बिचाऱ्यानं, मग यादी दिली. पण "हो" कुणी लिहिलं होतं? एकोणीस ओळी. गाव, महिना, हिमोग्लोबिन, नंबर. नावं नाहीत, तो रकाना मीच काढलेला. एकोणीस बायका, आणि त्यांना वाटतंय फोन नाही म्हणजे सगळं ठीक.

५ डिसेंबर, शुक्रवार

सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "रिपोर्ट बारामतीच्या मुख्य ऑफिसला गेलाय. गुरुवारी पाहुणे येतायत, तुमचाच प्रोग्राम दाखवायचाय. तोवर कुणाला फोन करायचा नाही. तुमच्याच हातचं काम आहे ना हे, ताई?"

माझ्याच हातचं. पाणी प्यायले आणि जागेवर येऊन बसले. संध्याकाळच्या एसटीत रडू आलं, खिडकीकडं तोंड केलं.

७ डिसेंबर, रविवार

गुरुवारपर्यंत थांबायला त्या बायका काय खुर्च्या आहेत? सरांचं नंतर बघू. माडीवर येऊन दार लोटलं आणि एकेक नंबर लावत सुटले. सगळीकडं सासरेच उचलतात. "सून? कंची? आमच्यात दोगी हायेत." "ज्यांना आमचा फोन येत नाही, त्या," म्हणायची. मोरगावच्या धाकटीला संजीवनी उद्या स्वतः दवाखान्यात नेणार आहे. अठरा झाल्या. कुणी रागावलं नाही, उलट एक आजी आशीर्वाद देत होत्या. त्यानं जास्तच लाज वाटली.

एकच राहिलीये, शेळगावची. रक्त सगळ्यात कमी तिचंच, ६.२. तिला आधी लावायला हवा होता, पण गावातलंच घर, बोभाटा मामंजींच्या कानावर जायचा, नोकरी सोड म्हणायचे, म्हणून मागं ठेवली. अशी मी! आता लावतेच.

७ डिसेंबर, दुपारी

दहावा आकडा दाबला आणि स्क्रीनवर नाव आलं — मामंजी. शकुबाईनं सवयीनं घरचाच नंबर लिहिला होता.

खाली ओसरीवर फोन वाजला. त्यांनी न बघताच उचलला. "हॅलो! कुणाला देऊ?"

"मला," म्हटलं. "मामंजी, माझाच फोन आहे."