उपाशी बाटली

बाबा,

सकाळी मोजलं: स्वयंपाकघरामागे बाटल्या तीन, तुमच्या ताटात उरलेल्या पोळ्या दोन आणि दारापाशी भरलेली बॅग एक.

काल मी तुमच्यावर ओरडले, ते चुकलं. दोन बाटल्यांत आपलं खरकटं आणि ते कुजवणाऱ्या जिवाणूंचा, लॅबमधून आणलेला गाळ आहे. तिसरीत मुद्दाम नुसता गाळ होता. तिचा मिथेन वजा केला, की खरकट्यातून किती निघतो ते कळतं. पण लेबलवर 'उपाशी' असं मीच लिहिलं होतं, आणि तुम्ही तिला चमचाभर वरणभात भरवलात. वर म्हणालात, "दोघींना वाढतेस, हिनं काय पाप केलं?" आईसुद्धा हेच म्हणाली असती. ती गेल्यापासून तुम्ही अर्धपोटी उठता, हे मला रोज खरकटं तोलताना कळतं.

पहाटे स्टुलावर बसून बुडबुडे बघत होते. एक वर जायचा, खालून एलआरटीची छोटी रेल्वे सरकत जायची, मग दुसरा. कुणीतरी गाढ झोपेत श्वास घेतंय असं वाटत होतं.

पुण्याला जायची घाई करू नका. प्रयोगाचे दोन आठवडे बाकी आहेत आणि मी वन-नॉर्थच्या लॅबमध्ये असताना बाटल्यांचा दुपारचा आकडा कुणीतरी लिहायला हवा. बाटल्यांपाशी उदबत्ती मात्र लावू नका, मिथेन पेट घेतो. कुकरमध्ये वरणभात आहे, सगळा तुमचाच. नवी उपाशी बाटली मी लॅबमध्ये ठेवीन, तुमचा हात पोचणार नाही अशी.

प्रणिता

ता. क. तिसरी बाटली आठवडाभर रोज चार मिलिलिटर मिथेन देत होती. आज सकाळी सात वाजता: बावन्न मिलिलिटर.