सातव्या कड्यावरचे पाय

ती. हेमलताअक्का,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. राखीला तुझ्याकडून निघालो तेव्हापासून हे पत्र टाळतोय. पोळा गेला, गणपतीही बुडाले. (फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि पिंपळनेरजवळच्या या पाड्यात रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तरच येते.) गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला?

मी मजेत. केळीचा ट्रक सोडला, लग्नातला ड्रोन सोडला, पण नौशीन मॅडमची जीप काही सोडावीशी वाटत नाही. तू विचारलं होतंस, या बाई नेमकं करतात काय. तर हात लावला की पैशासारखा गोल होतो ना, तो पुष्कळ पायांचा किडा, त्याच्यामागे त्यांची वीस वर्षं गेली. यावलकडच्या तडवी, वडील अन्वरचाचा सायकली दुरुस्त करायचे. कॉलेजात बरोबरच्यांनी साप घेतले, फुलपाखरं घेतली, त्यांचे पेपरात फोटो आले. मॅडमनी हा घेतला, कारण त्याला कोणी विचारत नव्हतं. (डॉक्टर आहेत असं ऐकून लोक ताप दाखवायला येतात. मॅडम कपाळाला हात लावून बघतात आणि पिंपळनेरच्या दवाखान्यात पाठवतात. दवाखान्यासमोर भजी फार छान मिळतात, पण ते राहू दे.)

इथल्या डोंगरात मॅडमना तांबड्या पायांचा एक सापडलाय, जो कुठल्याच पुस्तकात नाही. पण नवा म्हणायचा तर पूर्ण वाढलेला नर लागतो. अंगाच्या सातव्या कड्यावर त्याचे पाय वेगळेच घडलेले असतात, त्यावरून ओळख पटते. दोन पावसाळे आम्ही पालापाचोळा उपसला, निघाल्या सगळ्या माद्या. आम्ही राहतो त्या घरच्या मोतीबाई म्हणाल्या, "आम्हले पोरगीकरता नवरा भेटत नही, अन् या बाईले किडासमधला नवरा पाहिजे शे." मॅडम इतक्या हसल्या की चष्मा पडला.

शेवटी आषाढात एक नर मिळाला, पण पोरसवदा. आणखी एकदा कात टाकली की ते पाय तयार होणार, आणि तोवर त्याला मातीत गुपचूप पडू द्यायचं, धक्का लागता कामा नये. मॅडमनी तो माझ्या हवाली केला. (मला आजवर कोणी बकरीसुद्धा हवाली केली नव्हती.) पाड्यावर कोंबड्या माती उकरतात, जीप तर नुसती हादरते. म्हणून मी शांत जागा शोधून त्याला ठेवलाय. मॅडमनी विचारलं, कुठे? म्हटलं, घरचीच जागा आहे.

बाकी सगळं ठीक.

तुझा बादल

ता. क. राखीला दिलेली मोगऱ्याची कुंडी तू उन्हामागे रोज फिरवत असशील. फिरवू नकोस. खतही घालू नकोस. का, ते भाऊजींना माहीत आहे. न सांगण्याची मी त्यांना शपथ घातली आहे, कारण तू गांडूळ बघूनही किंचाळतेस.

पुन्हा ता. क. भाऊजींच्या पोटात काही राहत नाही हे विसरलो होतो. साक्रीच्या गाडीतून आत्ता तूच उतरलीस, काखेत कुंडी. पत्र टाकायची गरज उरली नाही, तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर यायची हिंमत नाही. "कुठे आहे तो?" हे तू माझ्याबद्दल विचारते आहेस. मॅडमना मात्र म्हणालीस, "काल आपणहून वर आला. पाय मोजायला बसले, मग नाद सोडला." किडा तुझ्या तळहातावर आहे. मॅडमनी भिंग लावलंय. सातव्या कड्याशी येऊन त्या थांबल्यात. नुसतं तुझं मनगट घट्ट धरून ठेवलंय, डोळे पुसतात आणि परत बघतात. आणि तू त्यांना सांगते आहेस, "सावकाश बघा बाई, मी हलत नाही."