न बसवलेला कानोबा

२८ जुलै, सोमवार
राइस मिलमधून लवकर सुटलो. सानगडीला जाऊन कुंभारकाकूंकडे आमचा पाट देऊन आलो. बाबा याच सुमारास देत. पाटावरच काकू आमचा कानोबा, मातीचा कृष्ण, घडवतात, जन्माष्टमीला तो घरी बसतो. काकू पाट उलटसुलट बघून म्हणाल्या, "कायले एवढा घासला रे? लाकूड झिजून जाईन."
गेल्या वर्षी बाबा गेले, म्हणून बसवला नाही. अष्टमीला घरात नुसता फिरत होतो. यंदा वर्षश्राद्ध झालं, अडचण नाही.
आईला विचारायचं राहिलं. त्यात काय विचारायचं, असं वाटलं.

३ ऑगस्ट, रविवार
दादाचा नागपूरहून फोन. "कानोबा आता माह्या घरी बसन. बाबाच्या मागं मोठ्याकडेच बसते. मूर्ती सांगून ठेवली. तू अन् आई दोघंही या." मी हो म्हटलं. पाटाचं बोललो नाही. का नाही बोललो?
आई खूश. नातवाची पहिली अष्टमी. मी म्हटलं, आपल्याकडेही बसवला तर? ती पीठ चाळत होती. "एका घरचा कानोबा दोन जागी बसते का कधी? भावाभावात फूट पाडतं काय?"
दादाचं चूक नाही. रीत तशीच आहे, तेच टोचतं. एकदा तिकडे बसला की दरवर्षी तिकडेच. मग इथे अष्टमीला मी आणि भिंत.

६ ऑगस्ट, बुधवार
सानगडीला गेलो, नको म्हणून सांगायला. कानोबा कमरेपर्यंत झाला होता. हात नव्हते अजून.
काकू म्हणाल्या, "पाट तुमचा. माती त्याच्यावर चढली. मी नाही मोडत, तूच मोड."
मोडवेना. दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं.
"दुसऱ्याचा देव तुह्या पाटावर? किती शिकला तू?"
"नववी."
"मंग बरोबर हाये." त्या हसल्या. मी नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
दादा आईला न्यायला आला. मी म्हटलं, मिलला सुट्टी नाही. "झेंड्याच्या दिवशी कोनती मिल चालते बे?" पुढे ताणलं नाही त्याने. बाबांचे टाळ खिळ्यावरून काढून सोबत नेले. बरोबरच आहे, भजन तिकडे होणार. खिळा उगाच दोनदा हलवून पाहिला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, अष्टमी
शेजारच्या रोशनच्या गाडीवरून मूर्ती आणली. शाळेपासूनचा मित्र. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते. "मी तुह्या देवाले हात जोडत नाही, पन पाडनार बी नाही. घट्ट धर." इतकी हळू चालवली की मागून सायकलवाला पुढे गेला.
मूर्ती टेबलावर ठेवली. बसवली नाही. अक्षता नाहीत, वर टांगायचा फराळाचा फुलोरा नाही.
आईचा फोन. मागे नागपूरच्या घरातली गडबड. सगळं सांगून टाकलं. ती बाजूला गेली असावी, गडबड कमी झाली. मग, "बसवू नको."
मग, "पन खाली नको ठेवू."
मग, "अन् तोंड झाकू नको त्याचं."
दिवेलागणीला लाइट गेली. दिवा लावला, उजेडासाठीच. ताट वाढून घेतलं आणि सवयीने आधी त्याच्यापुढे सरकवलं. लगेच ओढून घेतलं. पण सरकवलं ते सरकवलं. हे पूजेत धरतात का? मंत्र काही म्हटला नाही. पण बाबा तरी कुठे म्हणत? पाट ठेवून "बस, देवा" एवढंच. मी तोंडाने तसं म्हटलं नाही. मनात म्हटलं का? आठवून पाहतो आहे, नक्की सांगता येत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार, काला
गावातले कानोबे तलावावर शिरवायला, पाण्यात सोडायला, निघाले. मी दारात. रोशन म्हणाला, "तुहा नाही जात का?"
"बसलाच नाही, तर शिरवायचा कसा?"
"मंग राहू दे. कोनतं भाडं द्या लागते त्याले!"
तो हसून गेला. मला वर्षभर हा टेबलावर दिसायला लागला. जेवताना, झोपताना. बसवलेला नाही आणि नसलेलाही नाही. आत-बाहेर किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.
दुपारच्या बसने आई एकटीच आली. दादाने कानोबा सकाळीच घरी टबात शिरवला. "लवकर झालं सारं," एवढंच बोलली. पाय धुतले, मूर्तीपुढे येऊन उभी राहिली. आता विचारेल, बसवलास का?
"तलावाले पानी किती हाये?"
"वरच्या पायरीपर्यंत."
"हं."
पिशवीतून दादाकडचा काला काढला, वाटीत घातला. मला वाटलं मला देईल. मग वाटलं मूर्तीपुढे ठेवेल; ठेवला की तो बसलाच, मग शिरवावाच लागेल. पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली सोडला.
मी खाटेवर बसून हे लिहितो आहे. बाहेर शेवटचा कानोबा वाजतगाजत चालला आहे. आई तिथेच उभी. वाटी हातातच.