टाळीवरचा दिवा

२९ जुलै २००७, रविवार

शेवटी झालं! घराण्याचा गणपती या वर्षी माझ्याकडे, सुकापूरच्या फ्लॅटवर. गावच्या घराचा स्लॅब गळतोय म्हणून शिवादादाने नाइलाजाने दिला, असं नातेवाईक म्हणतील. म्हणू देत. धाकट्या भावाची प्रगती मोठ्याच्या डोळ्यांत भरली, हे खरं कारण. दादा फोनवर म्हणाला, यंदा तुज्याकडं बसव, नीट झाला तर मंग आलटूनपालटून करू, नाय तर हाय तसा माज्याच घरी.

दमयंतीला सांगितलं तर तिने पदराने डोळे पुसले. लग्न झाल्यापासून दर गणपतीत ती गुणावहिनीच्या हाताखाली नारळ खवते आहे. आपल्या घरी बाप्पा यावा, एवढं एकच तिने माझ्याकडे मागितलं. बाकी काही मागितलं नाही. मागून उपयोग नाही असं तिला वाटत असावं. हे बिघडलं तर तिला मी कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ?

बिघडणार नाही. प्लॅन तयार आहे. उद्या सविस्तर लिहितो.

१ ऑगस्ट, बुधवार

लिहायचं राहिलं. यार्डात कंटेनर अडकले होते. प्लॅन असा : बटणं.

दमयंती म्हणते रंग काढू, बाथरूमचा गळका नळ बदलू. वरवरचे विचार. माणूस घरात शिरला की त्याची पहिली नजर बटणांवर जाते. माझी तरी जाते. बटणावरून घराची पायरी कळते.

गावी लाईट आली तेव्हा आमच्याकडे एक बल्ब आणि लाकडी ठोकळ्यावर एक काळं गोल बटण. त्याला हात लावायचा हक्क फक्त बाबांचा. ते मिठागरावर गेले की आई शॉकच्या भीतीने लाटण्याने बटण ओढायची. मग काकांनी वायरला लोंबणारा बेडस्विच आणला, पेरूएवढा. मच्छरदाणीत पडल्या पडल्या दिवा घालवता येतो हे बघायला अर्धी आळी आली होती. मग या फ्लॅटमधली पांढरी पियानो बटणं. टक्क. आणि आता मॉड्युलर. सपाट, गुळगुळीत, आवाज नाही.

संकल्प : गणपतीआधी संपूर्ण घर मॉड्युलर. आणि काम मी स्वतः करणार. आयटीआयचं एक वर्ष मी पुरं केलं आहे. (टर्नरचं, लेथ चालवायचं. पण तत्त्व एकच.)

११ ऑगस्ट, शनिवार

रजा टाकली. पनवेलच्या बाजारातून सगळा माल आणला. सकाळी हॉलचा बोर्ड उघडला, दुपारपर्यंत सगळ्या खोल्यांचे. जुनी बटणं लगेच भंगारवाल्याला दिली. दमयंती म्हणाली, नवी बसेपर्यंत तरी ठेवा. मी म्हणालो, परतीचा रस्ता बंद केल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. तिने विचारलं, आता संध्याकाळी दिवा कसा लावायचा?

मुद्दा बरोबर होता. मेणबत्त्या आणल्या. लेकीची, अंकिताची, सोमवारी परीक्षा आहे. ती मैत्रिणीकडे गेली.

१२ ऑगस्ट, रविवार

नव्या पेट्या जुन्या खड्ड्यात बसत नाहीत. भिंत थोडी फोडावी लागली. मग बरीच. छिन्नी एका जागी पार पलीकडे गेली. आता हॉलमधून बेडरूम दिसते. हवा खेळती राहील. तिथे गणपतीचं मखर येईल, झाकलं जाईल. काळजीचं कारण नाही.

दमयंती दिवसभर सिमेंट झाडते आहे.

१९ ऑगस्ट, रविवार

बटणं बसली! दिसायला अप्रतिम. हॉटेलात आल्यासारखं वाटतं.

एक बारीक प्रॉब्लेम. भिंतीतल्या सगळ्याच वायरी लाल निघाल्या. उघडताना खुणा करायला हव्या होत्या, पण खुणा नवशिके करतात. सध्याची स्थिती : बाथरूमचं बटण दाबलं की हॉलचा पंखा फिरतो. हॉलचा दिवा लावायचा तर मिक्सरचं बटण दाबावं लागतं. गीझर लावला की दारावरची बेल वाजते आणि बंद करेपर्यंत वाजत राहते. बेडरूममध्ये एक बटण कशाचंच नाही. किंवा शेजाऱ्यांचं असेल. अंकिताने प्रत्येक बटणावर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. मी काढायला लावली. मॉड्युलरवर चिकटपट्टी म्हणजे अपमान.

घरच्यांना पाठ होईल. दमयंतीला मिक्सरचं आत्ताच पाठ झालं आहे.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

भावेश वायरमनला फोन. एकदा फक्त नजर टाकून जा म्हटलं, सल्ला म्हणून. म्हणाला, मंडळांच्या लायटिंगला लागलोय, अनंत चतुर्दशीनंतर येतो. दुसऱ्या वायरमनला फोन. तेच. तिसऱ्याला. तेच. सगळ्या पनवेल तालुक्याचे वायरमन गणपतीच्या मांडवात आहेत आणि माझ्या घरी येणारा गणपती कोणाला दिसत नाही!

भावेशला परत फोन केला. त्याने कट केला. परत केला. स्विच्ड ऑफ.

रडू येत होतं. धूळ फार आहे घरात.

२६ ऑगस्ट, रविवार

मार्ग सापडला! हातपाय गाळून बसणाऱ्यांतला मी नाही, हे आज पुन्हा सिद्ध झालं.

दुकानदाराने एक चिनी डबी दाखवली. टाळी वाजवली की दिवा लागतो, परत वाजवली की जातो. बटणच नाही! कुठलं बटण कशाचं हा प्रश्नच मिटला. बाबांचं काळं बटण, काकांचा पेरू, पियानो, मॉड्युलर, आणि शेवटी हे. इतिहास माझ्या हॉलमध्ये येऊन थांबला. सगळी हॉलची लाईट आणि मखराच्या माळांची वायर त्या डबीवर घेतली. हॉलची बटणं आता फक्त शोभेची.

पहिल्या टाळीला दिवा लागला. अंकितासुद्धा हसली. दमयंतीने हळूच वाजवून पाहिली. लागला.

जुने फ्यूजही काढून टाकले, भार वाढला की आपोआप पडणारी एमसीबी बसवली.

२ सप्टेंबर, रविवार

दमयंती तांदळाची भाकरी थापायला बसली की हॉलमधला दिवा नाचतो. थाप, लागला. थाप, गेला. टीव्ही बघताना त्रास होतो. तिला म्हणालो, पोळ्या लाट. ती म्हणाली, भाकरीवाचून तुमचं पोट भरत नाही.

विचार केला. गणपतीच्या दिवशी भाकरी नाही. मोदक, वरण-भात, वडे. मग घरात टाळीसारखा आवाज होतोच कशाने? सगळ्या शक्यता तपासल्या. एकही नाही. निर्धास्त.

९ सप्टेंबर, रविवार

दादा आणि गुणावहिनी बघायला आले. मी मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. हॉल उजळला! दादा हबकला. मग म्हणाला, मना करून बघू दे. त्याने वाजवली, गेला. वाजवली, आला. दादा लहान पोरासारखा हसत होता. जन्मात त्याला माझ्या कुठल्या गोष्टीवर असं हसताना पाहिलं नाही. माझ्यावर हसताना पाहिलं आहे.

दिवेलागण झाली होती. वहिनींनी दिव्याला हात जोडले, मग थांबल्या आणि विचारलं, लायटीला नमस्कार करायचा का टाळी वाजवायची? सगळे हसलो. दादा जाताना म्हणाला, बरा केलास, फुडल्या टायमाला माज्याकडं, मंग परत तुज्याकडं, तसाच चालवू.

दमयंतीने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, खरंच म्हणाले ना भाऊजी? मी म्हणालो, खरंच. तिने माझा हात धरला. किती वर्षांनी, आठवत नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं तयार. भोक मखरामागे गेलं. गीझरला हात लावायचा नाही अशी घरात सक्त ताकीद. दमयंती गाणं गुणगुणत पुरणयंत्र पुसते आहे, उद्या पुरण नसताना.

देवा, दीड दिवस. फक्त दीड दिवस सांभाळ. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मग वाटेल ते बंद पडू दे.

१५ सप्टेंबर, शनिवार, दुपार

बाप्पा विराजमान! पूजा उत्तम. सकाळची आरती दणक्यात झाली. झांजा, टाळ्या, पोरांचा आरडाओरडा. नेमकं लोडशेडिंग होतं, त्यामुळे टाळीचा दिवा पाहुण्यांना दाखवता आला नाही. हुरहूर लागून राहिली.

पण रात्रीचं जेवण मोठं आहे. गावाहून टेम्पो भरून माणसं येतील. संध्याकाळच्या आरतीला लाईट नक्की असणार. तेव्हा बघतील.

१६ सप्टेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण बोलायला कोणी नाही.

आरती सुरू झाली. पहिल्या टाळीला दिवा गेला. दुसऱ्या टाळीला आला. मग तिसाहून जास्त माणसं टाळ्या वाजवत होती आणि वर झांजा. हॉल, मखर, माळा, सगळं एकदम लागत होतं आणि विझत होतं. मीच सगळं एका वायरवर घेतलेलं. पोरं आधी खिदळली, मग एक बारकं भेदरून रडायला लागलं. वेणूआत्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या मटकन खाली बसल्या. दादाने आरती थांबवली. म्हणाला, दयाराम, लाईट चालू ठेव नाय तर बंद ठेव, काय ता एक कर.

मी म्हणालो, आपण टाळ्या न वाजवता आरती करू या.

दादा म्हणाला, टाळी नाय तर आरती कसली रं? बटण कुठं हाय ता सांग.

बटण नव्हतं. त्याचाच तर मला अभिमान होता.

धावत जाऊन मेन पाडला. निरांजनाच्या उजेडात दादाने पहिल्यापासून आरती म्हटली. कोणी मोठ्याने म्हणेना. संपल्यावर मेन वर केला तर एमसीबी खाली. परत वर, परत खाली. टेबलावर चढून अंगठ्याने दाबून धरली. अंगठा भाजला. लाईट आलीच नाही.

दमयंतीने मेणबत्ती धरून पानं मांडायला घेतली. अळूचं पातेलं पायाशी होतं, कोणाला दिसलं नाही. दादाच्या धोतरावर गेलं. मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, म्हातारी माणसा हायत, काय ईचार करता, घरी जाव. सगळे टेम्पोत बसले. गावी जाऊन गळक्या स्लॅबखाली पिठलं-भात जेवले, असं आज कळलं.

दमयंती भरल्या पातेल्यांजवळ बसून राहिली. समईत वात जळत होती. मोदकांच्या चाळणीवरचं फडकं तिने काढलंही नव्हतं. मी शेजारी बसलो. म्हणालो, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार. ती उठून बाप्पाच्या बाजूला जाऊन बसली.

आज विसर्जन. तळ्यावर दादाने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, फुडल्या वर्सी माज्या घरीच बसवू, स्लॅब गलला तरी चालंल. मी म्हणालो, मीही तेच सुचवणार होतो. तो प्रेमाने बोलला. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

३० सप्टेंबर, रविवार

भावेश आज आला. सकाळी बसला, जेवायच्या आत सगळं सरळ करून गेला. मी त्याला डबी कशी सुधारता येईल ते सांगत होतो. दमयंती आतून म्हणाली, साधी पांढरी बसव, टक्क वाजणारी. एवढंच. त्याने तेच ऐकलं.

डबी काढली. भिंतीतलं भोक अजून आहे.

संध्याकाळी धीर करून म्हणालो, आता सगळं व्यवस्थित आहे, पुढच्या वर्षी दादाला पुन्हा विचारतो. त्याच्या पाया पडतो. तू म्हणशील ते करतो, मी कशाला हात लावणार नाही.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, नको. वहिनींच्या स्वयंपाकघरात मला सगळं माहीत आहे. लाईट गेली तरी हात बरोबर जातो. तिथेच बरं.

ती रागाने म्हणाली नाही. नळ बदलायचा आहे, असं जसं म्हणते, तसं म्हणाली.

काळोख पडत होता. ती उठली, भिंतीकडे गेली आणि हॉलचा दिवा लावला. त्याला हात जोडले. मग परत येऊन ताट मांडीवर घेतलं. मी समोर बसून होतो. तिने वर पाहिलं नाही.