लडम महिन्याची आठ तारीख

१९ सप्टें., गुरुवार
विहिणीचा फोन. गुरुवारीच करते, वैशू तेव्हा ड्यूटीला असते. माझ्या लेकीला कळता कामा नाय की तिची सासू नि मी बोलतो. बोलतो कसलं! ती पश्तो, मी मराठी. ती जर्मनीतनं चहाचा पेला दाखवते, मी कपबशी दाखवते. हसते बाई. दात माझ्यापेक्षा कमी हायेत.
आज फोनवर वैशूच्या पोरीने, माझ्या नातीने, वार शिकवले. पाच वर्षांची हाय. आठवडा शनवारपासनं. शंबा, यकशंबा, दोशंबा, सेशंबा, चारशंबा, पंजशंबा, जुमा. नुसते आकडे लावलेत पुढं. चुकले की ओरडते, नाक वर करून. थेट वैशू.

२० सप्टें.
सून बोलली, "आई, आता या वयात कलेक्टर व्हायचंय का?" बोलले, सुरेखा, तुझी भाकर करपतेय ती बघ.
मग हळूच, "वैशूताईंना एकदा फोन लावा ना."
नाय. अफगाणी पोराशी लग्न केलं तेव्हा मीच बोललेले, या उंबऱ्याला पाय लावलास तर माझं मढं बघशील. सहा वर्षं झाली. बोलणारी मी, मग फोन कुठल्या तोंडाने लावू?

२६ सप्टें., पंजशंबा
महिने. नातीने चित्रं काढलेली. मेंढा, बैल, जुळी पोरं. खेकडा दाखवला आन् मी ओरडलेच, अगं ह्या तर आपल्या राशी! तराजू म्हणजे तला. विंचू लडम. मासा कब. शाळा चौथीपर्यंत, पण राशी मला भटजीपेक्षा पाठ.
वैशूची रास वृश्चिक. नांगी कुणाची घेतली ते गावाला ठाऊक.

३ ऑक्टो. घट बसले
भात पिवळं पडलंय. फोन नाय आला. दिवसभर मोबाईल कमरेला. पंजशंबा कोरडा गेला.

१० ऑक्टो.
आज विहिणीने बॅग दाखवली. चाकांची, मोठी. आत नातीचे फ्रॉक. आधी नातीकडं बोट, मग वैशूच्या फोटोकडं, मग माझ्याकडं. मग विंचवाचं चित्र. मग आठ बोटं. "लडम. सेशंबा." आन् तोंडावर बोट. वैशूला कळू द्यायचं नाय की मला कळलंय.
म्हणजे येतायत, इथं. मीपण आठ बोटं वर केली.

११ ऑक्टो.
कॅलेंडर काढलं. सूर्य वृश्चिक राशीत १६ नोव्हेंबरला. तो पहिला धरला तर आठवा २३ ला. लक्ष्मीपूजन १ ला, भाऊबीज ३ ला. म्हणजे सगळं उरकल्यावर येणार. मुद्दाम. सणाला माझं तोंड नको.
सुरेखाला सांगितलं, करंज्या थोड्याच कर. खाणारं कोण हाय.

१७ ऑक्टो.
फोन आला. तोंड फुगवून बसले. नातीने वार विचारले, तेवढे म्हटले.

२४ ऑक्टो.
सकाळी २३ नोव्हेंबरवर खूण करायला पेन घेतलं तर तो शनवार. शंबा. विहीण तर सेशंबा बोललेली, म्हणजे मंगळवार. चुकलं कोण?
फोन आल्या आल्या विचारलं, "लडम?" तिने तीन बोटं दाखवली. आज तिसरा! त्यांचा विंचू आपल्या कॅलेंडराच्या आधीच निघालाय. आठवा म्हणजे हाच मंगळवार. धनतेरस.
मी इथं रुसून बसले, नि पोरगी सणालाच येतेय.
"सुरेखा, करंज्या वाढव गं!"
"आता? सारण संपलं."
"मग खोबरं किस."
दोघींनी किसलं. माझं बोटपण थोडं गेलं त्यात.

२८ ऑक्टो. वसुबारस, दोशंबा
नव्या भाताचे पोहे आणले. उंबरा धुतला, रांगोळी काढली. मग पुसून टाकली. रांगोळीवर कुणी पाय देत नाय. वैशू बाहेरच उभी राहायची. आधी पाय लावू नको बोललेच हाय मी.
सुरेखा बघत होती. रांगोळीचा डबा तिनेच आत नेला. बरं झालं.

२९ ऑक्टो. सेशंबा
विहिणीचा फोन बंद. सुरेखाकडनं वैशूचा नंबर मागितला, पहिल्यांदाच. तोपण बंद.
"विमानात बंदच ठेवतात, आई."
"नायतर मन फिरलं असेल."
"तुमी गप बसा जरा."
दुपारचं जेवण झाकून ठेवलं. दिवे लावले. नातीला वार म्हणून दाखवीन, पाठ हायेत. वैशूशी पहिला शब्द काय बोलायचा, ते विहिणीला विचारायची गरज नाय, मराठीतलंच हाय. पण येत नाय.
आत्ता भिवपुरीला गाडीचा भोंगा झाला. स्टेशनपासनं रिक्षाला धा मिनटं. तवर म्हणून बघते. शंबा, यकशंबा, दोशंबा. सेशंबा अजून बाकी हाय.